रॉबिन्सनबाईंचं पदक आणि डर्बनचा अर्धा हिशेब

गोदाकाठची वकील (धागाकर्ती)

गेल्या रविवारी आमच्या वाचनगटात पद्म पुरस्कारांवरून सुरू झालेली चर्चा तासाभरात भांडणावर आली. २५ जानेवारीच्या संध्याकाळी यादी लागली की दरवर्षी हे होतंच. यंदा एका ज्येष्ठ सदस्यांनी परदेशातलं उदाहरण काढलं. "मानवी हक्कवाल्यांना सरकारी सन्मान देऊच नयेत. ओबामांनी त्या आयर्लंडच्या बाईंना पदक दिलं आणि केवढं ओढवून घेतलं!" निम्म्या माना डोलल्या. मी बोलायला उठले, पण आवाज चढला, मुद्दे राहून गेले आणि घरी येईपर्यंत जिवाला चैन नव्हती. म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आयर्लंडच्या बाई म्हणजे मेरी रॉबिन्सन. १९९० ते १९९७ त्या आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्ष होत्या, त्या पदावर आलेल्या पहिल्या स्त्री. त्यानंतर २००२ पर्यंत संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क उच्चायुक्त. १२ ऑगस्ट २००९ रोजी व्हाइट हाउसमध्ये त्यांना 'प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम' मिळालं. अमेरिकेचा हा सर्वोच्च नागरी सन्मान. त्या वर्षीच्या १६ जणांत स्टीफन हॉकिंग होते, डेस्मंड टुटू होते, मुहम्मद युनूस होते. गदारोळ उठला तो मात्र रॉबिन्सन यांच्या नावावर. अमेरिकेतल्या मोठ्या ज्यू संघटनांनी आणि इस्रायलच्या बाजूने काम करणाऱ्या गटांनी जाहीर विरोध केला, संसदेतले काही सदस्यही बोलले. ओबामांनी नाव मागे घेतलं नाही.

विरोधाचं मूळ २००१ मधल्या डर्बनला. तिथे ३१ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर वंशभेदाविरुद्धची जागतिक परिषद झाली आणि रॉबिन्सन तिच्या महासचिव होत्या. त्याआधी आणि त्याच दिवसांत स्वयंसेवी संस्थांचा वेगळा मेळावा किंग्जमीड स्टेडियमवर भरला. (युवराजने २००७ मध्ये एका षटकात सहा षटकार मारले, तेच हे मैदान.) त्या मेळाव्यात ज्यूंविरुद्ध घाणेरडी व्यंगचित्रं असलेली पुस्तिका वाटली गेली, ज्यू प्रतिनिधींना धमकावलं गेलं आणि शेवटी इस्रायलला वंशवादी राष्ट्र ठरवणारं घोषणापत्र निघालं. सरकारांच्या परिषदेच्या मसुद्यातही तशीच भाषा होती. ३ सप्टेंबरला अमेरिका आणि इस्रायल उठून निघून गेले.

इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पुढचं कोणी सांगत नाही. ती पुस्तिका रॉबिन्सनबाईंनी एका जेवणाच्या कार्यक्रमात सर्वांसमोर हातात उंच धरली आणि म्हणाल्या, हे पाहिल्यावर मीसुद्धा ज्यू आहे. मेळाव्याचं घोषणापत्र परिषदेकडे शिफारस करून पाठवायला त्यांनी नकार दिला. सरकारांनी अखेर मंजूर केलेल्या जाहीरनाम्यात झायोनिझमला (ज्यूंचं स्वतंत्र राष्ट्र असावं ही चळवळ) वंशवाद म्हणणारं वाक्य उरलं नाही. ज्यूंचा नरसंहार कधीही विसरता कामा नये, हे त्यात आलं. पॅलेस्टिनी लोकांच्या हालांबद्दल चिंता आली आणि इस्रायलसह त्या भागातल्या सगळ्या देशांचा सुरक्षिततेचा हक्कही आला. ज्या बाईने ही भाषा गाळली जाईपर्यंत मांडी मोडली नाही, तिलाच त्या भाषेची धनीण ठरवून आठ वर्षांनी पदकाला विरोध झाला.

पण मला ह्या बाई डर्बनमुळे माहीत नाहीत. जोहाना एअरी नावाच्या एका बाईमुळे माहीत आहेत.

एअरीबाई आयर्लंडमधल्या, नवरा दारुडा आणि मारहाण करणारा. घटस्फोट त्या देशात तेव्हा नव्हताच, कायदेशीर विभक्तपणा तेवढा मिळायचा आणि तोही फक्त उच्च न्यायालयातून. वकिलाचा खर्च त्यांच्या आवाक्यापलीकडचा, आणि दिवाणी दाव्यात सरकारी मदत नाही. सरकार म्हणालं, न्यायालयाचं दार उघडं आहे, स्वतः येऊन बाजू मांडा. रॉबिन्सन त्यांच्या वकील म्हणून युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात उभ्या राहिल्या आणि ९ ऑक्टोबर १९७९ ला निकाल लागला: कागदावरचा हक्क पुरेसा नाही, तो माणसाला खरोखर वापरता आला पाहिजे.

त्याच १९७९ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हुसैनारा खातून प्रकरणात बिहारच्या कच्च्या कैद्यांसाठी मोफत वकिलाचा हक्क मान्य केला. पुढे १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आला. त्याच्या कलम १२ प्रमाणे कुठल्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. किती जणींना हे ठाऊक आहे? मी नाशिकच्या सीबीएसजवळच्या (मध्यवर्ती बसस्थानक) जिल्हा न्यायालयात विधी सेवेच्या पॅनलवर काम करते. मागच्या पावसाळ्यात पेठ तालुक्यातून एक बाई आली. कागद युरियाच्या गोणीच्या तुकड्यात गुंडाळून सुतळीने बांधलेले, भिजू नयेत म्हणून. पोटगीचा अर्ज करायचा होता. बाकावर बसायला सांगितलं तरी बसेना. पदराची गाठ सोडून दोनशे रुपये माझ्यापुढे धरले आणि म्हणाली, "बाकीचे भात निघाल्यावर देईन." मी म्हटलं, मावशी, पैसे नाही लागत. तिला ते खरंच वाटेना. तीनदा विचारलं, "मग तुमाला कोण देतं?"

त्या प्रश्नाचं उत्तर जगभर ज्या लोकांनी झगडून मिळवलं, त्यांतल्या एक रॉबिन्सन आहेत. पदक द्यायचं तर अशांना नाही तर कोणाला?

---

सिडकोकर

ताई, कळकळ पोचली. पण तुम्ही वकील आहात आणि तुम्ही अशिलाची बाजू मांडली आहे, म्हणून दुसरी बाजू मी मांडतो.

महासचिव म्हणजे पाहुणे नव्हेत. डर्बनच्या आधी विभागवार तयारी बैठका झाल्या. आशियाची बैठक फेब्रुवारी २००१ मध्ये तेहरानला झाली आणि इस्रायलविरुद्धची सगळी जहाल भाषा तिथल्या मसुद्यातून आली. तिथेच रॉबिन्सनबाईंनी स्पष्ट शब्दांत विरोध केला असता तर पुढचं टळलं असतं, असं टॉम लॅन्टोस यांचं म्हणणं होतं. लॅन्टोस म्हणजे कोणी ऐरागैरा नव्हे. नाझींच्या नरसंहारातून वाचून अमेरिकेच्या संसदेत निवडून गेलेला तो एकमेव माणूस. डर्बनला ते अमेरिकी शिष्टमंडळात होते, स्वतःच्या डोळ्यांनी पाहून त्यांनी लिहिलं. घर जळत आल्यावर बादली घेऊन धावल्या म्हणून कौतुक करायचं, की चूल उघडी का ठेवली हे विचारायचं?

आणि ज्या समाजाला त्या आठ दिवसांत धमक्या खाव्या लागल्या, त्यांना ह्या सन्मानाने वेदना झाल्या असतील तर "तुम्हाला पूर्ण माहिती नाही" असं त्यांना सांगणं मला बरं वाटत नाही.

---

जुनं नाशिक

वकीलताईंनी दूरचं उदाहरण घेतलं, मी घरचं देतो. कर्मवीर दादासाहेब गायकवाड. दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे. २ मार्च १९३० ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, त्याची नाशिकमधली रोजची जबाबदारी दादासाहेबांनी वाहिली. एक-दोन दिवस नव्हे, वर्षानुवर्षं. त्या एप्रिलमध्ये रामनवमीच्या रथाच्या वेळी दगडफेक झाली. पुढे १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह, हजारो माणसं तुरुंगात गेली.

त्याच माणसाला १९६८ साली पद्मश्री मिळाली. ज्या पंचवटीत त्यांच्या लोकांवर दगड पडले, त्याच शहरात आज भाभानगरला त्यांच्या नावाचं सभागृह आहे आणि आपली पोरं तिथे नाटकं बघतात.

माझे आजोबा पंचवटीतले, पूर्वेच्या दरवाजाजवळ आमचं दुकान होतं. ते सत्याग्रहाच्या विरुद्ध होते. म्हातारपणी त्यांनी मला एकदाच सांगितलं की त्या दिवसांत रोज सकाळी माणसं शांतपणे येऊन रांगेत बसायची आणि आम्ही दुकानाची फळी अर्धीच उघडायचो, त्यांच्याकडे बघावं लागू नये म्हणून. एवढंच बोलले आणि तोंड फिरवलं. मला हे लिहिताना आजही कसंसंच होतं.

---

गोदाकाठची वकील (धागाकर्ती)

@जुनं नाशिक, काका, हे तुम्ही लिहिलंत, त्याला मोठं मन लागतं. मनापासून धन्यवाद.

@सिडकोकर, तेहरानचा मुद्दा मला मान्य आहे. तिथे त्या आधी आणि मोठ्याने बोलायला हव्या होत्या. महासचिवाच्या हातात मसुदा नसतो, तो देश लिहितात, पण आवाज तर असतो. लॅन्टोस यांच्या दुःखाबद्दल तर मला काही बोलायचा अधिकारच नाही. फक्त एवढं पाहा: ह्याच वादात इस्रायलमधल्याच मानवी हक्क संघटनांनी रॉबिन्सन यांच्या बाजूने निवेदन काढलं. म्हणजे "तो समाज" एका सुरात बोलत नव्हता.

---

द्राक्षबाग निफाड

काढणी सुरू आहे, थोडक्यात लिहितो. मला वाटतं दोघेही चुकीच्या ठिकाणी भांडताय. पदक सरकार देतं, आणि सरकार ते आपल्या सोयीने देतं. प्रश्न घेणाऱ्याचा आहे. बाबा आमट्यांना १९८६ मध्ये पद्मविभूषण मिळालं, आणि १९९१ मध्ये नर्मदा खोऱ्यातल्या लोकांना मिळालेल्या वागणुकीच्या निषेधार्थ त्यांनी ते परत केलं. हक्कांसाठी लढणाऱ्याने पदक घेतलं तरी ते असं सैल हातात धरावं. सरकारची ओंजळ धरून पाणी प्यायची सवय लागली की आवाज बसतो.

---

सिडकोकर

@जुनं नाशिक, काका, आदराने सांगतो, ही तुलना मला पटली नाही. दगड खाल्लेला प्रत्येक माणूस दादासाहेब नसतो. नाहीतर ज्याच्यावर टीका होते तो आपोआप थोर, असं होईल. दादासाहेबांची कसोटी त्यांच्या कामावर लागली.

आणि कामाचंच बोलायचं तर आणखी एक गोष्ट ताईंच्या धाग्यात आलेली नाही. दुबईच्या राजकन्या लतीफा. पळून जाताना पकडून आणलेली मुलगी. डिसेंबर २०१८ मध्ये रॉबिन्सनबाई तिच्या कुटुंबाच्या बोलावण्यावरून तिच्यासोबत जेवल्या, ते फोटो बाहेर आले, आणि बाईंनी जाहीर सांगितलं की मुलगी मानसिकदृष्ट्या अस्वस्थ आहे, घरचे काळजी घेताहेत. २०२१ मध्ये लतीफाचे चोरून काढलेले व्हिडिओ जगापुढे आले, ती त्यात ओलीस असल्याचं सांगत होती. आयुष्यभर हक्कांची वकिली केलेल्या बाईंना कोंडलेली मुलगी समोर बसलेली ओळखता आली नाही?

---

गोदाकाठची वकील (धागाकर्ती)

ओळखता आली नाही. ही त्यांची चूक आहे आणि मोठी आहे. २०२१ मध्ये त्यांनी स्वतः कबूल केलं की आपण पुरते फसवले गेलो. कबूल केल्याने त्या मुलीची अडीच वर्षं परत येत नाहीत, हेही खरं.

मी हे धाग्यात लिहायला हवं होतं. टाळलं नाही, पण २००९ च्या वादाशी त्याचा संबंध नाही असं म्हणून मनातल्या मनात बाजूला ठेवलं, आणि ते बरोबर नव्हतं. माझ्याकडे येणाऱ्या बायकांपैकी कितीतरी जणींना घरचे असंच "डोक्याने जरा अशी आहे" म्हणून माझ्यासमोर बसवतात. नवरा बोलत असतो आणि ती खाली बघत असते. मी आता नवऱ्याला चहा प्यायला बाहेर पाठवते आणि मगच विचारते. रॉबिन्सनबाईंनी एवढं करायला हवं होतं.

तरीही १९७९ ते २००९ ह्या तीस वर्षांच्या कामावर मिळालेलं पदक मला योग्यच वाटतं. १९९२ मध्ये दुष्काळातल्या सोमालियात त्या गेल्या, १९९४ च्या नरसंहारानंतर रवांडात गेल्या, दोन्हीकडे जाणाऱ्या पहिल्या राष्ट्रप्रमुख. १९९३ मध्ये बेलफास्टला सिन फेन पक्षाचे नेते गेरी अ‍ॅडम्स यांच्याशी हस्तांदोलन केलं म्हणून ब्रिटन आणि आयर्लंड, दोन्ही सरकारांनी नाकं मुरडली, तेव्हाही त्या मागे हटल्या नाहीत.

---

नाशिकरोड ७२

मी सहसा फक्त वाचतो. पण डर्बनचं नाव आलं आणि तुम्ही सगळे इस्रायल, अमेरिका, ओबामा करताय, म्हणून लिहावं लागतंय. डर्बन आमचंही होतं हो.

त्या परिषदेत जात हा विषय यावा म्हणून देशभरातले दलित कार्यकर्ते तिथे गेले होते. मागणी एकच: जन्म आणि काम ह्यांवरून होणारा भेदभाव जाहीरनाम्यात लिहा. भारत सरकारने कडाडून विरोध केला. जात म्हणजे वंश नव्हे, हा आमच्या घरातला प्रश्न आहे, राज्यघटना आहे, कायदे आहेत, असं सरकारचं म्हणणं. अखेरच्या मसुद्यातून तो परिच्छेद गळाला.

माझा मावसभाऊ गेला होता. आमच्या गल्लीत वर्गणी काढली होती. प्रेसमधल्या कामगारांनी पगाराच्या दिवशी दहा-दहा रुपये दिले. माझ्या आईने पिठाच्या डब्यातले पन्नास दिले आणि म्हणाली, त्यांना सांग आमच्या विहिरीचं. तिच्या माहेरच्या गावातली गोष्ट, वरून ओतलेलं पाणी ओंजळीत घ्यायचं.

तो परत आला तेव्हा आईने विचारलं, सांगितलंस का? तो म्हणाला, सांगितलं मावशी, सगळ्यांनी ऐकलं, पण लिहिलं नाही. आई काही बोलली नाही, उठून त्याला ताट वाढलं. दोन-तीन दिवसांत न्यूयॉर्कचे मनोरे पडले आणि डर्बन हा शब्दच पेपरातून गेला.

२००९ ला पदकावरून एवढा वाद झाला तेव्हा आमच्या परिच्छेदाचं कोणी विचारलं का? समर्थकांनीही नाही, विरोधकांनीही नाही. हिशेब करायचा तर पुरा करा एवढंच म्हणणं आहे.

---

वाचनवेडी

काका, वाचून सुन्न झाले. मी लॉ कॉलेजला दुसऱ्या वर्षाला आहे. एक प्रामाणिक प्रश्न: जात आणि वंश वेगळेच आहेत ना? आंद्रे बेते यांच्यासारख्या मोठ्या समाजशास्त्रज्ञांनीही तेव्हा हेच लिहिलं होतं. मग सरकारचं काय चुकलं?

---

गोदाकाठची वकील (धागाकर्ती)

@वाचनवेडी, जात आणि वंश एक नाहीत, हे शास्त्र म्हणून बरोबरच आहे. बाबासाहेबांचंही तेच मत होतं. पण वंशभेदाविरुद्धचा १९६५ चा आंतरराष्ट्रीय करार उघडून पहिलं कलम वाच. त्यात वंश, वर्ण, राष्ट्रीय मूळ ह्यांच्या जोडीला 'जन्मकूळ' हा वेगळा शब्द आहे. तो शब्द भारताच्याच सूचनेवरून आत आला. त्या कराराची अंमलबजावणी पाहणाऱ्या समितीने १९९६ मध्ये भारताला सांगितलं की जात ह्या शब्दात येते, आणि २००२ मध्ये, म्हणजे डर्बननंतर वर्षभरात, ह्याच शब्दाचा अर्थ लावणारी स्वतंत्र शिफारस काढून त्यात जातीचा स्पष्ट उल्लेख केला. डर्बनला जे लिहिलं गेलं नाही, ते अशा दुसऱ्या दाराने आलं. तिथे गेलेल्या लोकांनी बोंब मारली नसती तर आलं असतं का, हा विचार कर.

@नाशिकरोड ७२, दादा, मी माझ्या धाग्याला "अर्धा हिशेब" नाव दिलं आणि उरलेला अर्धा मलाच दिसला नव्हता. रॉबिन्सनबाईंसाठी मी तीन पानं लिहिली, तुमच्या आईच्या विहिरीसाठी एक ओळ नाही. ह्याची मला लाज वाटते.

---

सिडकोकर

@नाशिकरोड ७२, दादा, मी विरोधी बाजू मांडत होतो आणि मलाही हे माहीत नव्हतं. पदकाबद्दलचं माझं मत बदललेलं नाही, पण डर्बनला फक्त द्वेषाचा मेळावा म्हणणं मी आजपासून सोडलं. तुमच्या भावाकडे तिथलं काही जपलेलं आहे का? कागद, फोटो?

---

नाशिकरोड ७२

आहे. डोक्याला बांधायची एक पट्टी आहे, घामाने पिवळी पडलेली, आणि वहीत लिहिलेली सात-आठ पानं. भाऊ आता नाही. वही वहिनींनी देवघराच्या कपाटात ठेवली आहे.

---

गोदाकाठची वकील (धागाकर्ती)

दादा, वहिनींची हरकत नसेल तर येत्या रविवारी ती पानं आमच्या वाचनगटात वाचाल का? ज्या सदस्यांशी मी भांडले त्यांनाही मी स्वतः फोन करून बोलावते. सिडकोकर, तुम्हीही या.

---

नाशिकरोड ७२

वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, वही हाताबाहेर देणार नाही, पण मी घेऊन येते आणि मीच वाचते. त्यांचं अक्षरओळखीचं वाचन आहे, हळू वाचतात. वेळ थोडा जास्त ठेवा.